पहिला पडाव

फार फार वर्षांमागे, एका खाडीच्या काठी मिठागर होतं. नवऱ्यामागे ते एक बाई सांभाळत होती. सगळे तिला थोरली म्हणत.

त्या दिवशी नेहमीसारखंच ऊन होतं. माणसं मीठ ओढत होती. तेवढ्यात समोरच्या बेटावरून थोरलीचा जावई होडी वल्हवत आला.

"सासूबाई, बेटाच्या तिन्ही वाड्यांना बांगडा लागलाय! जाळी ओढवत नाहीत. पण खारवायला मीठ नाही. उद्या संध्याकाळपर्यंत आलं नाही, तर सगळा सडेल. मग पावसाळ्यात खायचं काय?"

गाव कामाला लागलं. जो तो मीठ ओढू लागला. दुपारपर्यंत काठावर ढिगांमागून ढीग उभे राहिले.

मीठ वाहून नेणारी मोठी होडी, म्हणजे पडाव, हाकणारा तांडेल कमरेवर हात ठेवून ते पाहत होता. "वहिनी, डोंगर तर झकास झाला. आता हा पोहत जाणार का? पडाव एकच, आणि तो भरायला एक माणूस नाही."

थोरली वरमली. "मीठ पुरे झालं!" तिने हाळी दिली. "सगळ्यांनी पाट्या उचला. पडाव रिकामा उभा राहता कामा नये."

पण जायचं कुठं? रीत अशी, की पहिला पडाव मिठागराच्या सोयऱ्यांकडे जायचा. थोरलीची लेक बेटाच्या पलीकडच्या टोकाला असलेल्या वाडीत दिलेली. तिकडे एक खेप केली की उद्याचा दिवस संपलाच. तेवढ्या वेळात अलीकडच्या दोन्ही वाड्यांचं भागत होतं.

पहिला पडाव आपल्याकडेच येणार म्हणून त्याला वाढवायचा नारळ जावयाने बरोबर आणलाच होता.

थोरली पडावाकडे वळली. मग म्हणाली, "तांडेल, अलीकडच्या वाड्या आधी."

"आणि आम्ही?" जावई म्हणाला. "तुमची लेक आहे तिथं!"

"ठाऊक आहे, जावईबापू. तुमच्या होडीत दोन पाट्या मावतील. तेवढ्या न्या."

जावयाने पाट्या घेतल्या. नारळ मात्र परत नेला.

अलीकडच्या वाड्यांची मासळी वाचली. पलीकडची बरीचशी सडली. पावसाळ्यात अलीकडच्यांनी आपल्यातले खारे बांगडे पलीकडे पोचवले, आणि बेटावर कुणी उपाशी राहिलं नाही.

साधन अपुरं असेल, तेव्हा पहिला मान कुणाचा हे विचारू नये. एका खेपेत किती घरं तरतील, ते पाहावं.

पण नारळ परत गेला तो गेलाच; त्या वर्षी लेकीच्या वाडीला पडाव गेला नाही.