सोनकड्यावरचा बुजवलेला दरवाजा

जरा इकडे सावलीला या, फोटो मग काढा. ही भिंत दिसते ना, हा एकेकाळी कोकण दरवाजा होता. शत्रूनं बुजवला असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. ज्याला यातून जायचं होतं, त्यानंच तो बुजवायला सांगितला.

इथं दीपाबाई राणीचं राज्य होतं, असं सांगतात. बापाला मुलगा नव्हता म्हणून गादी लेकीकडे आली आणि रायाजीराव कोकणातून घरजावई होऊन गडावर आले. माणूस बुद्धीचा, तोंडावर खरं बोलणारा. त्यांच्या सल्ल्याशिवाय गडावर पान हलायचं नाही म्हणे. लोकांना हेवा वाटायचा. पण सासुरवाशिणीला निदान सणाला माहेर असतं. या बिचाऱ्याला तेही नव्हतं.

एका साली गडाला घाटाखालून शत्रूचा वेढा पडला, आणि त्यातच कुणा गुराख्याकडून निरोप आला की आई अंथरुणाला खिळलीय, रायाजीचं तोंड बघायचं म्हणते. राव राणीपाशी रडले. या दरवाजानं एकटा उतरतो आणि आईला भेटून येतो, म्हणाले. राणीचा जीव तुटला. पण तिला हो म्हणवेना आणि नाहीही म्हणवेना. मग नेहमीच्या सवयीनं तिनं भर दरबारात त्यांनाच विचारलं, "गडाचं पाणी कुठून येतं हे जाणणारा माणूस अशा वेळी खाली जाऊ मागतो. राव, आपला सल्ला काय?"

बाईनं असं विचारायला नको होतं. मी तर म्हणतो, पाप केलं.

राव उठून उभे राहिले. मग म्हणाले, "सापडला तर हाल करून बोलता करतील. त्याला जाऊ देऊ नये. आणि हा दरवाजाही बुजवावा."

त्याच दिवशी गवंडी लागले. वेढा उठेपर्यंत आई गेली होती. राणी स्वतः म्हणाली, भिंत पाडू, आता जाऊन या. राव म्हणाले, "आता कोणाकडे?" पुढे मरेपर्यंत ते सल्ला देत राहिले, पण स्वतःसाठी काही मागितलं नाही म्हणे.

आजही आमच्या गावची बैठक बसली की ज्याचा प्रश्न असेल त्याचं म्हणणं आधी ऐकतात आणि मग त्याला बाहेर पारावर बसवतात. सल्ला त्याला विचारत नाहीत. निकाल विरुद्ध गेला तर तो आम्हाला शिव्या घालतो. घालू दे. रायाजीरावांना तेवढंही सुख नव्हतं.