मूठभर अडुळसा

डोंगराच्या पायथ्याशी, जिथे जमिनीतून ऊन पाण्याचा झरा उसळतो, अशा एका जंगलात एक खार राहत असे. आपल्या ढोलीभोवती तिने हौसेने झाडे लावली होती. कुठे बी पुरले, कुठे काडी खोचली, आणि बघता बघता पेरू, पारिजातक, अडुळसा असे सगळे तिच्या दारात डोलू लागले. ओढ्यातून वाहत आलेल्या करवंटीत ती त्यांची पाने घाली, वर झऱ्याचे ऊन पाणी ओती, आणि पाण्याला हिरवा रंग चढला की तो चहा फुंकर मारत मारत पिई. थंडीच्या दिवसांत सारे जंगल शिंकत असे, पण खार मात्र टुणटुणीत!

मुलांनो, चांगली गोष्ट एकटीने उपभोगणे खारीच्या स्वभावातच नव्हते. ती फांद्याफांद्यांवरून ओरडत सुटे, "अहो, दारात झाडं लावा! घरचा पाला, घरचा चहा! ज्यांच्याकडे झाड नाही त्यांनी माझ्या झाडाचा पाला घ्या, विचारत बसू नका!" कुणी थांबवून विचारले, "पण पाला घालायचा किती गं?" तर तिचे उत्तर ठरलेले असे, "मूठभर!" आणि पुढचा प्रश्न यायच्या आत ती पुढच्या झाडावर पोचलेली असे.

एके दिवशी सकाळी अस्वलीण तिच्या झाडाखाली येऊन उभी राहिली. तिचे डोळे जागरणाने लाल झाले होते.

"खारूताई, पोर खोकून खोकून बेजार झालंय गं माझं. श्वास घेतो तर छातीत शिट्टी वाजते."

"एवढंच ना?" खार टुणकन खाली उतरली. "अडुळसा दे त्याला. मूठभर पानं, करवंटीभर ऊन पाणी. कडू लागतो हं, तोंड वाकडं करेल, नको नको म्हणेल. त्याचं मुळीच ऐकू नकोस. सगळा संपवायला लाव."

"मूठभर. सगळा संपवायचा," अस्वलिणीने घोकून घेतले. खारीने आपली जादाची करवंटी तिच्या हाती ठेवली आणि आनंदाने शेपटी फुलवून ती पलीकडच्या राईत बिया वेचायला निघून गेली. आज आपल्या झाडाने एका लेकराचे भले केले, याच विचाराने ती दिवसभर गुणगुणत होती.

उन्हे कलली तेव्हा ती परतली, आणि तिच्या हातातल्या बिया जागच्या जागी गळून पडल्या.

अडुळसा जागेवर नव्हताच जणू! होत्या त्या नुसत्या काड्या. एकाही काडीला पान नव्हते. कोवळे शेंडे मोडले होते, साल सोलली गेली होती. खारीने जवळ जाऊन एका काडीला हात लावला. ती ओली लागली.

"बघतेस काय नुसती?" वरच्या फांदीवरून साळुंकी कडाडली. "वाट अजून पाला! 'विचारत बसू नका' म्हणालीस ना? घे, नाही विचारलं कुणी!"

"कोण? कोण आलं होतं?"

"ती तुझी केसाळ मैत्रीण! आली, हात घातला, खसाखसा ओढलं आणि चालती झाली. मी म्हटलं, अगं बाई, मागे काही ठेवशील की नाही? तर माझ्यावरच गुरकावली."

किती जपून वाढवले होते ते झुडूप! खार रागारागाने तशीच अस्वलिणीच्या गुहेकडे धावत सुटली. हावरट म्हणू, की लुटारू म्हणू, की सरळ तोंडच बघणार नाही म्हणून सांगू? वाटेत तिने एकाहून एक जहाल शब्द जुळवून ठेवले.

गुहेच्या तोंडाशी ती थबकली. आतून खोकला ऐकू येत नव्हता. काहीच ऐकू येत नव्हते.

तिने आत डोकावले. अस्वलिणीचे पिल्लू जमिनीवर आडवे पडले होते. चारी पाय लुळे. डोळे अर्धे उघडे. ओठांवर हिरवा फेस, आणि भोवती ओकारीच ओकारी. अस्वलीण त्याच्या छातीला कान लावून बसली होती.

"आलीस, खारूताई! बरं झालं गं आलीस! बघ ना काय झालंय याला! तू सांगितलंस तस्संच केलं मी."

"तस्संच?" खार कशीबशी म्हणाली. "अगं, अख्खं झुडूप ओरबाडलंस तू!"

"नाही गं बाई! एकच मूठ घेतली. या लेकराची शपथ, एकच! करवंटीत मावेना, तर दाबून दाबून भरली. पाणी पार काळंकुट्ट झालं. हा थुंकायला लागला, तर नाक धरून पाजलं. तूच म्हणालीस ना, त्याचं ऐकू नकोस म्हणून?"

असे म्हणून अस्वलिणीने आपला पंजा उघडून दाखवला.

खार त्या पंजाकडे बघतच राहिली. ती स्वतः तिच्या अंथरुणासकट त्यात सहज मावली असती. मग तिने आपली चिमुकली मूठ मिटून पाहिली. त्यात पानाचा एखादा तुकडा राहिला असता, फार तर दोन. वाटेत जुळवलेला एकही शब्द आता तिला आठवेना. ज्या तोंडाने ते बोलायचे होते, त्याच तोंडाने ती सकाळी "मूठभर" म्हणाली होती.

"पाणी!" ती एकदम किंचाळली. "थंड पाणी आण! नुसतं पाणी, थेंब थेंब पाज!"

अस्वलीण धावली. खार पिल्लाच्या नाकाशी बसून राहिली. श्वास येत होता, पण इतका बारीक की मध्येच तो थांबला असे वाटे आणि खारीचाही थांबे. अस्वलीण पाणी आणी, दोघी ते थेंबाथेंबाने त्याच्या तोंडात सोडत. पिल्लू पुन्हा ओकले. पुन्हा पाणी. पुन्हा ओकले. होता होता बाहेर पडणाऱ्या पाण्याचा हिरवा रंग गेला, आणि पिल्लाने डोळे उघडले.

"आई," ते क्षीण आवाजात म्हणाले, "तो चहा नको."

अस्वलीण हसली की रडली, ते तिचे तिलाच कळले नाही. तिने पिल्लाला पोटाशी ओढले. थोड्या वेळाने तिने हळूच विचारले, "मग खारूताई, पाला किती घालायचा होता गं?"

जिच्याकडे प्रत्येकासाठी उत्तर तयार असे, ती खार आपली चिमुकली मूठ उघडून बघू लागली.

"खरं सांगू?" शेवटी ती म्हणाली. "मला माहीत नाही. मला फक्त माझ्यापुरतं ठाऊक होतं. आणि तेवढ्यावर मी साऱ्या जंगलाला सांगत सुटले."

मग ती उठली. पण ती आपल्या झाडाकडे वळली नाही. जिथे जिथे ती "मूठभर" म्हणून आली होती, त्या प्रत्येक दारी जायला ती निघाली.

तात्पर्य : सांगणाऱ्याच्या मनातले माप ऐकणाऱ्याला दिसत नाही, म्हणून भले करू पाहणाऱ्याने आधी समोरच्याची मूठ पाहावी आणि मगच तोंड उघडावे.