विळा उमटलेली डोण

चपला तिथंच काढा बरं का. देव नाही इथं, पण आमच्यासाठी ही रंगाची दगडी डोण देवापेक्षा कमी नाही. आता वाकून आत बघा. तळाशी काळा विळा दिसतो ना? हात लावा, नुसता दगड लागेल. डाग आहे तो. आमच्या सुनांनी काथ्यानं घासघास घासला, रेघभर फिका झाला नाही. मी सरूबाई रंगारी. ही डोण आमच्याच भावकीतल्या धुरपाची. आमच्या निमखळ्यात कांद्याचं टरफल आणि डाळिंबाची साल उकिरड्यावर जात नाही, इथं येते. ती का येते, ते या विळ्यामुळंच.

फार जुनी गोष्ट सांगतात. धुरपाचा नवरा होता तोवर घरात मंजिष्ठ होती, हळद होती. तो गेल्यावर चूल पेटायची मारामार, तिथं रंगाचं सामान कुठून येणार? पण गाव कांद्या-डाळिंबाचं. लोक टाकायचे ती टरफलं आणि साली ती गोळा करायची, उकळायची, तुरटी घालायची. लुगडं असं पिवळं निघायचं, म्हणे, की बघणाऱ्यानं बघत राहावं. तरी लोकांनी नाव ठेवलंच, उकिरड्याची रंगारीण! लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार?

तिला एकुलती एक लेक, चिमा. लहानपणी एकदा गवत कापून आली आणि ओल्या लुगड्यावर विळा टाकून खेळायला पळाली. डाळिंबाच्या रंगाला लोखंड लागलं की तो काळवंडतो, हे रंगाऱ्याच्या घरातलं रांगतं पोरही जाणतं. हिला भान कुठलं? मग बघतात तो लुगड्यावर अख्खा विळा उमटलेला. धुरपानं आधी पाठीत धपाटा घातला, आणि मग तिलाच हसू फुटलं.

"भवाने, आता हे लुगडं कुठं बी गेलं तरी मी वळखीन. ह्यो माझ्या चिमीचा हात!"

पुढं चिमाला घाटाखाली दिली, तीन मुक्कामांवर. आईनं लग्नात आपल्या हातानं रंगवलेलं लुगडं दिलं. कुणीतरी कळलाव्यानं ते कशात रंगवलंय हे व्याह्यांच्या कानावर घातलं. झालं! सासरा भर मांडवात उठून म्हणाला, "उकिरड्याचा रंग आमच्या सुनेच्या अंगावर? आजपास्नं हिला माहेर न्हाई." सासूनं हातापाया पडून एवढंच पदरात पाडून घेतलं, की वर्षाला एक लुगडं यावं. माणूस नाही, निरोप नाही.

मिठाला जाणारे लमाण ते लुगडं न्यायचे. पाठवण्याआधी धुरपा ते एक दिवस स्वतः नेसायची, असं सांगतात. आईचा वास थोडा राहतोच हो कापडात. तिकडं चिमा ते तोंडाशी धरून बसायची. सात वर्षं मायलेकींची भेट झाली ती एवढीच.

आठव्या वर्षी, चैत्रात, धुरपानं अंथरूण धरलं. शेजारणी म्हणाल्या, निरोप धाडू. ती म्हणाली, "निरोप दारातच अडवतील." उठवत नव्हतं तरी उठली, लुगडं रंगवलं, डोणीत पसरलं आणि पदरावर विळा ठेवला. दिवसभरात तो चांगला उमटला. लुगडं लमाणांकडं दिलं आणि विळा पुन्हा डोणीत ठेवला. "चिमी येईल. ती येईस्तोवर डोण उपसू नका, विळा हलवू नका."

सासरी काय झालं? सासूनं डाग बघितला आणि अपशकुन म्हणून लुगडं सुनेला न दाखवताच पेटीत टाकलं. बाई वाईट नव्हती, पण रंगाऱ्याच्या घरची थोडीच होती! इकडं चिमा रोज वाटेकडं डोळे लावून. आईसुद्धा विसरली, असं वाटून झुरली पोर.

थंडीच्या तोंडावर गोधड्या शिवायला चिंध्या निघाल्या. सासू म्हणाली, "हे फाड, डागाळलंय." चिमानं घडी उलगडली आणि समोर विळा.

"कधी आलं हे?"

"चैतात."

चिमा उठली ती तशीच चालू लागली, गोधडीची सुई पदराला टोचलेली. ना विचारलं, ना सांगितलं.

धुरपा आषाढात गेली होती. पण डोण भरलेली होती. गावानं उपसली तर नाहीच, उलट घरोघरचं टरफल रोज आणून त्यात टाकलं; चिमाला आईचा रंग बघायला मिळावा म्हणून. ज्यांनी नाव ठेवलं होतं तेच टाकत होते. चिमानं हात घालून विळा उचलला, तर खाली दगडावर हा डाग. तेव्हा तिनं हंबरडा फोडला, "आये, मी लुगड्याची वाट बघत बसले गं, आन् तू माझी!"

सासरा तणतणत मागोमाग आला होता. ते ऐकून तो डोणीच्या काठाशी आला. मग त्यानं चिमाच्या हातातला विळा घेतला आणि गावासमोर शब्द दिला. ज्या लेकीच्या लुगड्यावर विळा येईल तिला उभ्या पावली माहेरी धाडू, का म्हणून विचारणार नाही.

आजही आमच्या लेकीचं लग्न ठरलं की व्याह्यांना इथं आणतात आणि हातात विळा देऊन हाच शब्द घेतात. तुम्ही म्हणाल, आजी, आता फोन आहेत. आहेत की! माझी लेक इंदू रोज फोन करते, बरी आहेस ना विचारते. मी म्हणते, बरी आहे. फोनवर खोटं बोलायला काय लागतं?

ते वळणीवर पिवळं दिसतंय ना, ते तिचंच. उद्या धाडायचं. कालपासून नेसून होते मी. विळाही घासून ठेवलाय, पण लावायचा नाही. जिवावर बेतलं तरच लावायचा, नुसती आठवण आली म्हणून नाही, असा गावचा नियम आहे. कुणी केला कुणास ठाऊक. कुठल्या आईनं केलेला नसणार, एवढं नक्की.