सोंगाड्यामागची थाप

"मी चुकलो कुठं, उस्ताद? एक तरी मात्रा इकडची तिकडं झाली का?"

तायाप्पा उस्ताद शाळेच्या व्हरांड्यात पाय पसरून शेंगा सोलत बसलं व्हतं.

"न्हाई बा. एक बी न्हाई."

"मग पोरं हसली का नाहीत?"

"तेच म्हंतो मी. एक बी मात्रा चुकली न्हाई..."

पुष्कररावांनी वही काढून मात्रा परत मोजल्या.

आता हे पुष्करराव म्हंजे लई शिकलेलं ढोलकीवालं. वय बाविशीचं, आन् फायलीत तीन प्रशस्तीपत्रं. गाडीत ढोलकी टपावर, फाईल मांडीवर! लेकरू सुदिक कुनी एवढं जपत न्हाई.

शहरातल्या एका नाटकमंडळीनं तरण्या वादकांसाठी शिबिर काढलं व्हतं. धा दिवस तायाप्पांकडं तमाशाची ढोलकी शिकायची, मंग शाळाशाळांतनं पोरांफुडं वग करायचा. आज पैलीच शाळा. सकाळी मोठ्या पोरांचा खेळ झाला, दुपारी बारक्यांचा व्हायचा व्हता. तायाप्पांनी मान हालवली तर म्होरल्या वीस शाळांत ढोलकी पुष्कररावांची. न्हाई हालवली, तर फाईल घिऊन सांजच्या यष्टीनं घर.

आन् अडलं कशावर, तर एका थापेवर.

वगात सोंगाड्या इनोद करतो. त्येच्यामागं ढोलकीवाल्यानं एक थाप टाकायची. थाप पडली की मान्सं खदखदतात. पुष्कररावांनी वहीत लिवलंच व्हतं, वाक्य संपलं की दोन मात्रा सोडून थाप. सकाळी दर टायमाला दोनच सोडल्या, गुंजभर कमी न्हाई का जास्त न्हाई. पोरं गप. हेडमास्तर तेवढं हासलं, त्ये बी पाव्हण्यांचा मान म्हनून.

"दुपारी तीन सोडू का, उस्ताद?"

"सोड की."

"का दीड?"

"दीड बी सोड."

"थट्टा नका करू हो! मला हे काम पाहिजे. खरंच पाहिजे."

उस्तादांनी शेंग फोडली. दाणे पुष्कररावांच्या हातावर ठिवलं.

"चाळीस वर्सं थट्टाच केली, बाळा. त्येच काम व्हतं... बरं, सकाळी सोंगाड्या काय बोलला रं, पहाऱ्यावरनं? लोकांनी हासायचं व्हतं तितं?"

पुष्कररावांनी धा दिवस तालमीत रोज ऐकलेलं, पन आठवंना.

"मी... मोजत होतो."

उस्ताद टरफलं झाडून उठलं.

"दुपारच्याला तू खाली बस. दुसरीच्या पोरांत."

पुष्कररावांचं तोंड येवढंसं झालं.

"आणि ढोलकी कोण वाजवणार?"

"म्या हाय की."

झालं. वीस शाळा गेल्या, असं मनाशी म्हनत पुष्करराव सतरंजीवर मांडी घालून बसले. मोठा उंट शेळ्यांत बसावा तसे. शेजारी दोन येण्यांची एक पोरगी, मांडीवर दप्तर. तिनं ह्येंना वरनं खालपातुर बघितलं.

"तू नापास झालास व्हय?"

"हो. बहुतेक."

"मंग हितं सरक. हितनं चांगलं दिसतंय."

गण झाला, गौळण झाली. उस्तादांची ढोलकी अशी बोलत व्हती की पुष्करराव मोजायचं इसरले. मंग वग लागला. राजा आला, मिशीवर ताव देत. मागनं शिपाई झालेला सोंगाड्या, जांभया देत.

राजा गरजला, "शिपाया! काल पहाऱ्यावर झोपला व्हतास?"

"छ्या छ्या, म्हाराज! चोर कवा येतो ते बघत व्हतो!"

पोरगीनं पुष्कररावांची बाही धरली. "खोटं बोलतोय त्यो," ती कुजबुजली.

"गप. बघ आता," पुष्कररावांनी बी कुजबुजून सांगितलं.

"डोळं मिटून बघत व्हतास?" राजा डाफरला.

"मंग? उघडं दिसलं तर चोर येईल व्हय, म्हाराज?"

वर उस्तादांनी दोनी हात मांडीवर ठिवलं. ढोलकी मुकी.

सगळी शाळा चिडीचूप... पोरगीचं तोंड उघडं. डोळं बारीक झालं, मंग मोठं व्हाया लागलं. कळतंय, कळतंय... पुष्कररावांचा हात आपसूक वर गेला आन्...

धप्प!

पोरगीच्या दप्तरावर पडली ती थाप! आतला डबा खणकन वाजला, आन् समदी शाळा फुटली. दुसरी हासली, पैली हासली, वर राजाची मिशी सुटली ती बी ह्या हासण्यातच. पोरगी पोट धरून लोळाया लागली. पुष्करराव सोताच्या हाताकडं बघत हासत व्हते, डोळ्यांतनं पानी येईस्तवर.

"माजा डबा!" पोरगीला मधीच आठवलं, आन् ती परत हासाया लागली.

उस्ताद ढोलकी सोडून मंचाच्या कडंला आलं. मान हालवली, आन् वाकून म्हनलं,

"त्यो हात तेवढा वर पाठीव, बाळा. तू न्हाई आलास तरी चालंल."