अनसूयाताईंची पट्टी

एका गावातल्या बालवाडीत मुलं होती वीसेक, आणि काम करणारे हात मात्र दोनच, अनसूयाताईंचे. कुणाची बटणं लाव, कुणाचं केळं सोल, मधल्या सुट्टीत सगळ्यांचे डबे उघड. मुलांची बोटं चाचपडू लागली की ताईंचा धीर सुटे. "आण इकडे!" म्हणत त्या काम उरकून टाकत. मुलं आपली हात पुढे करून उभी. 'या पोरांना कधी काही येणार?' असं पुटपुटत ताई दुपारी घरी जात, तेव्हा वाटेत कुणाशी बोलायचंही त्यांच्या जिवावर येई.

एकदा दारात सापडून त्यांच्या उजव्या हाताची बोटं चेचली. डॉक्टरांनी पट्टी बांधली. मधल्या सुट्टीत मुलांनी सवयीने डबे पुढे केले, पण एका हाताने ताईंना झाकण काढता येईना. भरलेले डबे मांडीवर घेऊन मुलं उपाशी बसली. काही रडू लागली. ताईंनाही रडू आलं.

सगुणा नावाची मुलगी तेवढी झाकणाशी झटत राहिली. डबा पोटाशी धरला, अंगठा रेटला. झाकण उडालं आणि अर्धे पोहे जमिनीवर सांडले. ताई रागावणार, तोच ती हसली. "ताई, मी उघडला!" मग शेजारच्या मुलाचा डबा ओढत ती म्हणाली, "आण इकडे!"

ताई चपापल्या. "नको गं," त्या हळूच म्हणाल्या, "त्याचा त्याला उघडू दे."

हात बरा झाला. पण वरखाली लागलेली बटणं दिसली की तो शिवशिवू लागे. म्हणून ताई रोज सकाळी घरूनच पट्टी बांधून येऊ लागल्या. सांडलेलं आवरायचं काम वाढलं. थकवा काही कमी झाला नाही. उलट, नुसतं बघत बसण्यानेच त्या जास्त दमत.

एके दिवशी वर्गातच पट्टी सुटली. सगुणाने ताईंचा पंजा उलटसुलट करून पाहिला.

"ताई, तुमचा हात तर बरा झालाय!"

"हो गं. पण त्याला अजून गप्प बसता येत नाही."

सगुणाला काही ते कळलं नाही. जिभेचं टोक बाहेर काढून तिने पट्टी गुंडाळली आणि कितीतरी वेळ खपून गाठ मारली. गाठ सैल बसली. ताईंनी ती घट्ट केली नाही.

तात्पर्य: मुलांची बोटं कामाला लागावीत असं वाटत असेल, तर मोठ्यांनी आधी आपले हात आवरावेत.