एका फाटकाचं गणित

मंगळवारी सकाळी वॉर्डात चादरी बदलणं चाललं होतं, तेवढ्यात बातमी आली. खाटा तीस, सहा रुग्णांमागे एक नर्स, म्हणजे पाचजणी पुरेत. वॉर्डातल्या वीस नर्सांपैकी उरलेल्या पंधराजणींची बदली. यादीत मंदाकिनीचं नाव पहिलं होतं.

दुपारी आरोग्य खात्याकडून तपासणीला आलेल्या घारपुरे साहेबांनी मेट्रन रणपिसेबाईंसमोर कागद सरकवला. "गणित आहे बाई, रडून बदलायचं नाही."

"रडतंय कोण, साहेब? आपल्या बंगल्याला फाटकं किती?"

"एक."

"आणि पहारेकरी?"

"चार," साहेब चिडले. "तीन पाळ्यांचे तीन, आणि त्यांच्या सुट्ट्यांना चौथा. फाटक काय उघडं टाकायचं?"

"म्हणजे एका जागेला चार माणसं. आमच्या जागा पाच आहेत, साहेब. आणि फाटकाला कधी ताप चढत नाही."

साहेबांनी कागद पुन्हा स्वतःकडे ओढला. मग पाचाचा आकडा खोडून त्यांनी स्वतःच्या हातानं वीस लिहिले.

दाराशी उभी असलेली मंदाकिनी थक्क होऊन बाईंकडे पाहतच राहिली. बाईंचा आवाज जरासुद्धा चढला नव्हता.

स्वतःच्या नवऱ्याच्या कबरीवर जाण्यासाठी हवी असलेली एका दिवसाची रजा मात्र बाईंनी त्याही आठवड्यात मागितली नाही; मेट्रनच्या जागेला दुसरं माणूस नव्हतं.