ओल्या सारवणावरचा नाच

फार पूर्वी डोंगराच्या पायथ्याशी एक लहानशी ख्रिस्ती वस्ती होती आणि त्या वस्तीत एक नर्तकी राहत होती. प्रभूवर तिचा फार विश्वास. इतका, की दूध उतू गेलं तरी ती म्हणे, "यात देवाचा हात आहे." घुंगरांची दोरी तुटली, तर पाय मुरगळायचा वाचला. वाट चुकली, तर नेहमीच्या वाटेवर साप असणार. दिवसभरात काही बिघडलं नाही, तर तिला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. लोकांना तिचं कौतुक वाटे. भाबडी माणसं सगळ्यांनाच आवडतात, भाबडेपणाची झळ आपल्याला लागेपर्यंत.

त्या वस्तीत सुगीच्या सणाला दोघीजणी देवळात नाचत वेदीपर्यंत जात. पुढे थोरली, डोक्यावर पहिल्या कणसांची टोपली घेऊन, आणि मागे धाकटी. थोरलीला सगळे अक्का म्हणत. धाकटी म्हणजे आपली नर्तकी; तिला पहिलं पाऊल टाकायला अक्कानेच शिकवलं होतं. धाकटीकडे आणखी एक काम असे. आदल्या दिवशी तिने देवळातली जमीन शेणाने सारवायची, म्हणजे सणापर्यंत ती खडखडीत वाळे.

त्या वर्षी नर्तकी सारवायला निघाली आणि वाटेत चपलेचा अंगठा तुटला. ती थांबली, वर पाहून म्हणाली, "प्रभू, आज विसावा घे म्हणतोस तर." आणि घरी जाऊन पडली. जणू देवाला दुसरी कामंच नव्हती. अनवाणी गेली असती तरी देऊळ काही कोसभर लांब नव्हतं.

सणाच्या दिवशी पहाटे उठून तिने घाईघाईने सारवलं. लोक जमू लागले तेव्हा जमीन वरून वाळलेली दिसत होती. वेदीजवळ मात्र तिने पाय दाबून पाहिला, तो आत रुतला. अक्काला सांगावं, असं तिच्या मनात आलं. पण सांगायचं, तर उशीर का झाला तेही सांगावं लागणार. वाळवायची असेल तर प्रभू वाळवील, असं म्हणून तिने घुंगरू बांधले.

अक्का वेदीपुढे गिरकी घ्यायला वळली आणि तिचा पाय सटकला. कणसं चहूकडे उधळली. मांडीचं हाड मोडलं. हाडवैद्याने पुष्कळ दिवस पट्ट्या बांधल्या, पण पाय आखूडच राहिला. अक्काचा नाच संपला.

नर्तकी तिला भेटायला गेली. रडली, अगदी मनापासून रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "अक्का, यातही देवाचा हात असेल. त्याचा काहीतरी हेतू असतोच."

अक्काने तिच्याकडे मान वळवली. मग तिने विचारलं, "जमीन कधी सारवलीस?"

नर्तकी अक्काचं पांघरूण नीट करू लागली.

"पडले तेव्हा माझ्या गालाला ओलं शेण लागलं होतं," अक्का म्हणाली. "देवाचा हेतू मी देवालाच विचारीन. तू फक्त एवढं म्हण, की अक्का, माझी चूक झाली. मग लंगडत का होईना, मी सुखाने जगेन."

एवढंच मागितलं होतं तिने. शब्द नर्तकीच्या ओठांपर्यंत आलेही होते. पण इतक्या वर्षांत तिने आपल्या एकाही चुकीला आपलं म्हटलं नव्हतं, जिभेला ते वळणच नव्हतं. मान खाली घालून ती म्हणाली, "त्याची इच्छा, अक्का."

अक्काने तोंड भिंतीकडे फिरवलं. पुन्हा जन्मात ती तिच्याशी बोलली नाही.

पुढच्या सुगीला टोपली नर्तकीच्या डोक्यावर आली. ती सुरेख नाचली. मागच्या ओळीत अक्का काठी टेकून बसली होती. नाच झाल्यावर बायका नर्तकीभोवती जमल्या आणि म्हणाल्या, "बघ, देवाने कसं तुला पुढं आणलं." आयुष्यात पहिल्यांदा तिला ते बोलणं खोटं वाटलं. पण तेही ती कुणाला सांगू शकली नाही.

तात्पर्य: स्वतःला ठेच लागली, तर देवाचे आभार खुशाल माना. आपल्यामुळे दुसऱ्याला लागली, तर आधी त्याची माफी मागा. देवाचं नाव घ्यायला नंतर वेळ आहे.